सलाईन संपल्याचा अलार्म बनवतेय. मेडिकल डिव्हाइस डिझाइन शिकायला सुरुवात कुठून करू?

गिअरबॉक्स_सांगली:
नमस्कार. मी मेकॅनिकल, थर्ड इयर. मेडिकल डिव्हाइसच्या लाइनला जायचंय, पण आमच्याकडे बायोमेडिकल ब्रँच नाही आणि गाइड सरांचा विषय थर्मल. मिनी प्रोजेक्टला सलाईनचा अलार्म घेतलाय. बाटली एक किलोच्या लोडसेलला (वजन मोजणारा सेन्सर) टांगायची, वजन ठरावीक आकड्याखाली गेलं की बझर वाजतो आणि सिस्टरच्या मोबाईलवर मेसेज जातो. खोका थ्रीडी प्रिंट केला, वर ॲक्रिलिकचं झाकण. टेबलावर झकास चालतोय. आता पुढं काय? एम्बेडेड शिकू, ॲनाटॉमी वाचू, की एखादा कोर्स लावू? मास्टर्स न करता या लाइनमध्ये कोणी उभं करतं का?

पाना_आणि_स्टेथो:
मूळचा इन्स्ट्रुमेंटेशनचा, ११ वर्षं हॉस्पिटलच्या बायोमेडिकल विभागात आहे. फायनल इयरला मीही हाच अलार्म बनवला होता, तोही असाच टेबलावर झकास चालायचा.

मग तो ओळखीच्या सिस्टरकडे वॉर्डात नेला. तासाभरात पेशंट बाथरूमला निघाला. भावानं बाटली हुकवरून काढली, हातात उंच धरली आणि चालू लागला. लोडसेलवर शून्य, बझर सुरू, सगळा वॉर्ड उठून बसला. परत आल्यावर पेशंट कुशीवर वळला, नळी ताणली गेली, वजन जास्त दिसायला लागलं. आता बाटली रिकामी व्हायला आली तरी माझं यंत्र गप्प! दुपारी कोणीतरी माझा प्लग काढून मोबाईल चार्जिंगला लावला, कारण बेडजवळ सॉकेट एकच. बॅटरी मी ठेवलीच नव्हती. संध्याकाळी मावशींनी खोका स्पिरिटनं पुसला. ॲक्रिलिकच्या झाकणावर बारीक चिरा पडल्या. तुझ्या झाकणाचंही तेच होणार.

नंतर एकदा ऑर्थोच्या सरांसाठी प्रिंट केलेला जिग ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करायच्या यंत्रातून, पापडासारखा वाकून बाहेर आला. पीएलए, म्हणजे थ्रीडी प्रिंटिंगचं प्लास्टिक, ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि ऑटोक्लेव्ह १२१ ला चालतो. दोन्ही आकडे मला पाठ होते, एकमेकांशेजारी कधी ठेवले नव्हते एवढंच.

कोर्स नंतर. आधी परवानगी काढून वॉर्डात बस आणि गरज एका वाक्यात लिही, त्यात यंत्राचं नाव नको. ‘लोडसेलचा अलार्म’ ही गरज नव्हे. ‘रात्री सिस्टर दुसऱ्या पेशंटजवळ असताना सलाईन संपून नळीत रक्त चढू नये’ ही गरज. ५०० मिली चार तासांत द्यायची आणि नळीचा सेट २० थेंबांना एक मिलीचा, म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब. सिस्टर घड्याळ धरून ते लावते. बाटली कधी संपणार हे तिला साधारण ठाऊक असतंच. मग तिला नेमकं काय कळत नाही, ते शोध.

दुसरं, बिघाडाचा तक्ता कर. हे रिस्क मॅनेजमेंट, आयएसओ १४९७१ हे मानक त्याचंच. तुझ्या तक्त्यातली सगळ्यात वाईट ओळ ‘उगाच वाजला’ ही नाही, ‘वाजायला हवा होता, वाजला नाही’ ही आहे. अलार्म आहे म्हटल्यावर माणूस बघायचं सोडतो. २०१७ चे मेडिकल डिव्हाइस रूल्सही चाळ. ए ते डी असे धोक्याप्रमाणे वर्ग आहेत, तुझं यंत्र कुठं बसतं ते बघ.

मास्टर्सचं म्हणशील तर माझंही झालेलं नाही. पवईला आयआयटीत बेटिक आहे, तिथं डॉक्टर आणि इंजिनिअर मिळून उपकरणं बनवतात, त्यांच्या शिबिरांवर लक्ष ठेव. आणि पहिलं मॉडेल पडलं तर रडू नकोस. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेची हृदयाची झडप चौथ्या मॉडेलला जमली, १९९० मध्ये पहिल्यांदा पेशंटला बसवली.

रात्रपाळी_सिस्टर:
बाळा, आम्हाला आवाज कमी नाहीत. मॉनिटर वाजतो, पंप वाजतो, नातेवाईक “सिस्टर, संपली” करत येतात. मेसेज कुणाला पाठवणार? ड्युटीवर माझा मोबाईल पर्समध्ये असतो. ओल्या ग्लोव्हजनं तुझं बटण दाबलं जातं का बघ.

आणि लहान मुलांचं काय करणार? त्यांना मायक्रोड्रिप, ६० थेंबांना एक मिली, मध्ये बुरेट, म्हणजे मापाच्या खुणांचं छोटं नळकांडं. बाटलीतून बुरेटमध्ये थोडंसं भरून घेतो आणि वरचा क्लॅम्प बंद करतो. मुलाला जातं ते बुरेटमधून. बाटलीचं वजन जागच्या जागी!

गिअरबॉक्स_सांगली:
सर, सिस्टर, थँक्यू. प्रिन्सिपलचं पत्र घेऊन दोन संध्याकाळी वॉर्डात बसले. सहा बेडना चार सॉकेट, त्यातलं एक बंद. सिस्टर बाटलीवर चिकटपट्टी लावून चालू केल्याची वेळ पेननं लिहितात. एका काकांना ४२ थेंब लावलेले. ते जेवायला बसले, सुई कोपराच्या खोबणीत, प्रत्येक घासाला हात दुमडायचा. मी मोजले तर २६. जेवण झाल्यावरही कोणी पुन्हा लावले नाहीत, बाटली पट्टीवरच्या वेळेत काही संपली नाही. म्हणजे सिस्टरना कळत नाही ते हे का, मधेच वेग बदलला हे? लोडसेल सध्या काढून ठेवलाय.

रात्रपाळी_सिस्टर:
हां, आता बोललीस. पण जेवायच्या हाताला, तेही कोपरात, आम्ही हौसेनं सुई लावत नाही. मनगटाकडची शीर सापडली नसेल. काकांच्या डाव्या हाताचं काय झालं होतं, ते विचारलंस का?