हदासा: वर्गणीपलीकडचं काम

हदासा या संस्थेला काही जण ‘अमेरिकेतल्या ज्यू बायकांचं वर्गणी मंडळ’ म्हणतात, ते अर्धंच खरं. हेन्रिएटा झोल्ड यांनी १९१२ मध्ये न्यूयॉर्कात संस्था काढली आणि पुढच्याच वर्षी दोन परिचारिका जेरुसलेमला धाडल्या. खुपरी हा डोळ्यांचा संसर्गजन्य आजार आणि बाळंतपणं, ही त्यांची मुख्य कामं.

मला जास्त हुशारीची वाटते ती नंतरची दूध-केंद्रं, हिब्रूत ‘टिपत हलाव’ म्हणजे दुधाचा थेंब. उन्हात दूध नासायचं, तान्ह्यांना हगवण लागायची. म्हणून पाश्चराइज केलेलं दूध बर्फात ठेवून चक्क गाढवावरून पोचवत. दुधासाठी आई केंद्रावर आली, की बाळाचं वजन व्हायचं आणि अंगावर पाजण्याचा सल्लाही मिळायचा. नुसती व्याख्यानं ठेवली असती तर कोण फिरकलं असतं?