स्पॅनिशमधली बेरीज-वजाबाकी: आकडे पाठ होईपर्यंत थांबू नका
स्पॅनिश शिकताना काही जण सांगतात की आधी शंभरपर्यंत आकडे पाठ करा, मग गणितं. मला हे पटत नाही. दहापर्यंत आलं की लगेच बोलायला घ्या: ‘दोस मास त्रेस सोन सिंको’, दोन अधिक तीन पाच. वजाला ‘मेनोस’, गुणिलेला ‘पोर’, भागिलेला ‘एन्त्रे’.

मी कपिलतीर्थ मंडईत भाजीचा हिशेब मनात स्पॅनिशमध्येच करतो. वांगी २०, मेथी १५: ‘बेइन्ते मास किन्से सोन त्रेइन्ता इ सिंको’. भाजीवाल्या मावशींनी पस्तीस म्हणायच्या आत उत्तर यायला हवं! ३१पासून तर सोपंच आहे, आधी दशक, मग ‘इ’, मग एकक. १६ ते २९ मात्र एका शब्दात लिहितात, ते घोकावेच लागतात.

आणि हो, स्पेनमध्ये दशांशाला स्वल्पविराम, मेक्सिकोत टिंब.