कुंद्याचा डबा

लेक नोकरीला गेल्यापासून घर खायला उठतं, असं एका ताईंनी लिहिलेलं वाचलं. अगदी पटलं. आमचा थोरला बेंगळुरात, धाकटी पुण्यात. बेळगावातून एक ५०० किलोमीटर खाली, दुसरी साडेतीनशे वर. मध्ये आम्ही दोघं. परवा लेकाला राणी चन्नम्मा एक्सप्रेसला सोडायला गेलो. कुंद्याचा, म्हणजे आमच्या बेळगावच्या दुधाच्या मिठाईचा, डबा आधी नको म्हणाला, मग गाडी हलायच्या आत दारात येऊन मागून घेतला. तेवढ्यात शेजारच्या प्रवाशाशी कानडीत बोलू लागला, माझ्याहून कितीतरी सफाईदार! ऊर भरून आला. घरी येऊन हिने सवयीने चौघांचा भात टाकला. मी काही बोललो नाही. सकाळी त्यालाच फोडणी दिली.