हेडिंग्लेच्या बुधवारच्या सामन्याबद्दल

प्रेषक: चिटणीस
नमस्कार मंडळी,
2026 च्या महिला टी-20 विश्वचषकातल्या 14 जूनच्या भारत-पाकिस्तान सामन्यासाठी बर्मिंगहॅमच्या एजबॅस्टन मैदानावर यायला इतकी नावं आली आहेत की एक बस पुरणार नाही. पण 17 जूनला भारताचा सामना आपल्या लीड्सलाच हेडिंग्लेवर आहे, आणि त्याला मोजकीच घरं तयार आहेत. समोरचा संघ अजून ठरलेला नाही. आठ संघ थेट आलेत, उरलेल्या चार जागांसाठी जानेवारीत नेपाळमध्ये दहा संघांची पात्रता स्पर्धा आहे. आपल्या मराठी मंडळाने या सामन्याची एकगठ्ठा तिकिटं घ्यावीत का? रविवारपर्यंत कळवा.

प्रेषक: खजिनदार
चिटणीसताई, माझ्या मते नको. बुधवार आहे, मुलांच्या शाळा आहेत. पात्रता फेरीतून वर आलेला संघ म्हणजे सामना निम्म्यातच निकालात निघणार. तेवढे पैसे गणपतीच्या हॉलसाठी राखून ठेवू.

प्रेषक: मंडळाची जुनी सभासद, मुक्काम कोथरूड, पुणे
चिटणीसताई, खजिनदार साहेब आणि सगळ्यांना नमस्कार.

लीड्स सोडून पुण्यात आले तरी तुमची पत्रं वाचल्याशिवाय राहवत नाही, म्हणून मध्येच बोलते. बुधवारची अडचण खरी आहे, त्यावर तोडगा काढावाच लागेल. पण पात्रता फेरीतून येणाऱ्या संघाला असं मोडीत काढलेलं मला पटलं नाही. आपण स्वतः त्याच दाराने आत गेलो आहोत, आणि ही काही फार जुनी गोष्ट नाही.

2014 ते 2016 च्या महिला चॅम्पियनशिपमध्ये आपली पाकिस्तानशी मालिका झाली नाही. आयसीसीने त्या तीन सामन्यांचे गुण पाकिस्तानला देऊन टाकले. आपण पाचवे आलो, आणि विश्वचषकात थेट प्रवेश पहिल्या चौघींनाच होता. म्हणून फेब्रुवारी 2017 मध्ये आपला संघ कोलंबोला पात्रता स्पर्धा खेळायला गेला, श्रीलंका, थायलंड, आयर्लंड, झिंबाब्वे यांच्या गटात. आपली सांगलीची स्मृती मानधना गुडघ्याच्या दुखापतीमुळे घरी होती. पहिल्याच सामन्यात श्रीलंकेविरुद्ध आमच्या पुण्याच्या देविका वैद्यने 89 धावा काढल्या.

अंतिम सामना दक्षिण आफ्रिकेशी, लक्ष्य 245. कर्णधार मिताली राजला दुखापत झालेली, त्यामुळे नेतृत्व हरमनप्रीत कौरकडे. नागपूरच्या मोना मेश्रामने 59 आणि दीप्ती शर्माने 71 करून डाव सावरला, पण नंतर गडी पटापट गेले. शेवटच्या दोन चेंडूंवर आठ हव्या आणि हाताशी एकच गडी. हरमनप्रीतने पाचवा चेंडू थेट सीमेपार भिरकावला आणि सहाव्यावर जिवाच्या आकांताने पळून दोन धावा काढल्या. पाच महिन्यांनी आपण लॉर्ड्सवर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात होतो आणि नऊ धावांनी हरलो. तेव्हापासून बायकांचं क्रिकेट लोक घरोघरी टीव्हीवर बघायला लागले. देविका मात्र त्या विश्वचषकाच्या संघात नव्हती, याची रुखरुख मला आजही आहे.

आणि संघ कमी, खेळ कच्चा म्हणून बघायचंच नाही असं ठरवलं असतं, तर आपलं तरी काय झालं असतं? महिलांची पहिली आंतरराज्य राष्ट्रीय स्पर्धा एप्रिल 1973 मध्ये इथे पुण्यात झाली. संघ किती? तीन. मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. पुढे महिला क्रिकेट संघटनेच्या अध्यक्षा झाल्या आपल्या कऱ्हाडच्या प्रेमलाकाकी चव्हाण. त्या स्पर्धेनंतर दोनच वर्षांनी ऑस्ट्रेलियाच्या पंचवीस वर्षांखालच्या मुली भारतात आल्या, तेव्हा पुण्याच्या सामन्यात आपली कर्णधार होती उज्ज्वला निकम. किती पुणेकरांना हे नाव आठवतं? 2025 च्या 2 नोव्हेंबरला नवी मुंबईत आपण विश्वचषक उचलला, त्याची सुरुवात त्या तीन संघांपासून धरायला हवी.

थायलंडचं तर फारच वाईट वाटतं. नोव्हेंबर 2021 मध्ये हरारेत वनडे विश्वचषकाची पात्रता स्पर्धा चालू होती. त्या मुलींनी बांगलादेशला हरवलं होतं, आपल्या गटात त्या वरच्या जागी होत्या. तेवढ्यात करोनाचा ओमायक्रॉन आला आणि स्पर्धा अर्धवट गुंडाळली. जागा वाटल्या त्या क्रमवारीवरून. थायलंडला वनडेचा दर्जाच नव्हता, मग क्रमवारीत नाव येणार कुठून? मैदानावर जिंकून त्या घरी गेल्या. दर्जा मिळाला तो पुढच्या वर्षी, मे महिन्यात. हा मला सरळसरळ अन्याय वाटतो.

इथे नातीला क्रिकेटच्या नेटवर सरावाला सोडायला जाते. पॅड तिला मांडीपर्यंत येतात, पट्टे दोनदा गुंडाळावे लागतात, तरी रांगेतला नंबर सोडत नाही. विश्वचषक जिंकल्यापासून ती रांग बरीच लांबली आहे. तुमच्याकडच्या मुलींनाही एजबॅस्टनच्या गर्दीबरोबर हा सामना दाखवा.

प्रेषक: सभासद, मुलींच्या क्लबचा प्रशिक्षक
काकूंना माझा पाठिंबा. सामना निम्म्यात निकालात निघेल म्हणणाऱ्यांनी एप्रिल 2025 चं लाहोर आठवावं. विश्वचषकाची शेवटची जागा वेस्ट इंडिज की बांगलादेश, हे धावगतीवर, म्हणजे षटकामागे काढलेल्या आणि दिलेल्या धावांच्या फरकावर ठरणार होतं. थायलंड 166 वर सर्वबाद. संघ सर्वबाद झाला की धावगतीसाठी त्याची पूर्ण 50 षटकं धरतात, त्यामुळे वेस्ट इंडिजला संधी होती, पण 167 धावा 10.1 षटकांत काढायच्या होत्या. हेली मॅथ्यूजने 29 चेंडूंत 70 ठोकल्या, शिनेल हेन्रीने 17 चेंडूंत 48. षटकाराने सामना जिंकला, पण तोवर 10.5 षटकं झाली होती. आधी चौकार मारून बरोबरी केली असती आणि मग षटकार बसला असता, तर धावा 172 झाल्या असत्या, आणि त्यासाठी 11 षटकांपर्यंत मुभा होती. शेवटची धावगती: बांगलादेश 0.639, वेस्ट इंडिज 0.626. 2016 चे टी-20 विश्वविजेते तिथेच बाहेर पडले. आमच्या क्लबातल्या मुलींना मी हे गणित फळ्यावर मांडून दाखवलं, एकीनेही जांभई दिली नाही.

प्रेषक: खजिनदार
काकू, नमस्कार. हॉलचा खर्च मला सांभाळावाच लागेल, त्यामुळे सगळ्यांची तिकिटं मंडळाच्या पैशांतून नकोत. सोळा वर्षांखालच्या मुलींचं तिकीट मंडळाने द्यावं, बाकीच्यांनी आपापलं काढावं. एवढं असेल तर माझी हरकत नाही.

प्रेषक: चिटणीस
तसंच करू. शाळेच्या परवानगीचं पत्र मी तयार करते, ज्यांना हवं त्यांनी मागून घ्या. हेडिंग्लेला बस लागणार नाही, आपण ट्रेननेच जाऊ. काकू, देविका, मोना आणि उज्ज्वलाताईंबद्दल मुलींना वाचता येईल असं एक पान लिहून द्याल का? सोप्या मराठीत लिहा, शनिवारच्या मराठी शाळेत वाचून घेते. आणि जानेवारीत नेपाळचे सामने कुणाच्या घरी एकत्र बघता येतील, तेही ज्यांना जमणार असेल त्यांनी कळवा.