उदावर पडदे बांधले तर बिघडलं काय?

खुंटीपिळ्या:
ऊद म्हणजे धुपातला नव्हे, अरबांचं तंतुवाद्य. (शब्दाचं मूळ एकच: लाकूड.) दांडीवर सतारीसारखे पडदे (स्वरांच्या जागा ठरवणाऱ्या आडव्या पट्ट्या) नाहीत, म्हणून नवशिका वर्षभर बेसूर. पण संगीतशास्त्रकार अल-फाराबीने १० व्या शतकात याच वाद्याचे पडदे मोजून लिहिलेत. बगदादचा उदवादक झलझल याच्या नावाचाही पडदा त्यात आहे, मोकळ्या तारेच्या २७/२२ पट उंच स्वराचा. कोमल आणि शुद्ध गंधाराच्या साधारण मधोमध. स्पेनमार्गे युरोपात जाऊन उदाचा ल्यूट झाला, त्यालाही तातीचे (आतड्याच्या दोऱ्याचे) पडदे. मग अरबांनाच वावडं का? शिकणाऱ्यांसाठी तरी बांधावेत.

मींडवेडा:
ते बांधलेले पडदे होते की नुसत्या बोटांच्या जागा, यावर अभ्यासकांत वाद आहे. तेही सोडा. तारेची मोकळी लांबी ६१ सेंमी धरा. खुंट्यांकडच्या पट्टीपासून कोमल गंधार ९.७ सेंमीवर, शुद्ध १२.६ वर, झलझलचा ११.३ वर, आणि सप्तकाचे २४ समान भाग पाडले तर ११.२ वर. रास्त मकामातला (मकाम म्हणजे अरबांचा राग म्हणा) हाच मधला स्वर बयाती मकामात किंचित उतरतो. शिवाय सीरियातल्या अलेप्पोचा चढा, कैरोचा उतरा. १९३२ च्या अरबी संगीताच्या कैरो परिषदेत या २४ भागांवर एकमत झालं नाही, आणि तुम्ही दोरा बांधून मोकळे!

खुंटीपिळ्या:
मग सरकते बांधा. इराणी सेतारला असतातच की.

तबलीवाला:
सेतारची दांडी लांब असते हो. उदाची तारेच्या जेमतेम तिसरा हिस्सा, २० सेंमी. पंचमाशी पोट सुरू होतं, त्यापुढे दोरा गुंडाळणार कशाभोवती? त्यात तारा दांडीला लगटून. खाली पडदा आला की जोडतारा खरखरणार. घोडी (तारा टेकतात ती) उचलावी म्हणाल, तर ती तबलीला, म्हणजे पोटावरच्या फळीला, चिकटवलेली. (मुनीर बशीर वाजवायचे त्या इराकी उदाची घोडी सुटी असते, ती गोष्ट वेगळी.)

मींडवेडा:
आणि घसीट, तारेवरून बोट सरकवत स्वर जोडणं? उद्या सरोदच्या पत्र्यावरही पडदे ठोका म्हणाल.

तबलीवाला:
त्यापेक्षा दांडीच्या कडेला, वाजवणाऱ्याला दिसतील असे ठिपके द्या: रिषभ ६.८ सेंमी, मध्यम १५.२५, पंचम २०.३. गंधार कोरा ठेवा.

खुंटीपिळ्या:
ठिपके मान्य. पण घोडं अडतं गंधाराशीच, तिथेच एक हवा ना राव!

तबलीवाला:
देतो की. अलेप्पोचा देऊ की कैरोचा?