मदत हवी आहे: पाठीवर कवटीची खूण असलेला पतंग, स्टिक्स की लॅकेसिस?

धागाकर्ता
ठिकाण वडोदरा, दांडिया बाजार. जिन्यातल्या ट्यूबलाइटखाली भिंतीवर मोठा पतंग बसलाय. पंख छपरासारखे मिटलेले. पुढचे पंख काळपट तपकिरी, त्यांवर एक बारीक नारिंगी ठिपका. पाठीवर छातीच्या भागात फिकट कवटीसारखी खूण. हलला तेव्हा पोटावर पिवळे-काळे पट्टे आणि मधून निळसर रेघ दिसली. ॲकेरोन्शिया (कवटीची खूण असलेल्या पतंगांचा गट) आहे एवढं नक्की, पण त्यातली जात कोणती, स्टिक्स की लॅकेसिस? नेटवर शोधलं की आधी त्याच गटातली तिसरी जात, ॲट्रोपॉस, समोर येते. फोटो फक्त वरून काढलेत. शेजारच्या आजी म्हणतात विषारी आहे, मारून टाका. खरंच धोका आहे का?

प्रतिसाद १
आधी आजींना सांगा, धोका काही नाही. त्याला नांगी नसते, तो चावत नाही. आखूड जाड सोंड मधाच्या पोळ्यात घुसून मध ओढण्यासाठी असते. हात लावला की चीं-चीं आवाज करतो, त्यालाच लोक घाबरतात. कृपा करून मारू नका.

ॲट्रोपॉस बाजूला ठेवा, तो मुख्यतः युरोप-आफ्रिकेतला. आपल्याकडे प्रश्न उरतो तो स्टिक्स आणि लॅकेसिसचा. कवटीवरून ठरवायला जाऊ नका. तिथले खवले लवकर झडतात, मग खूण पुसट होते किंवा भलतीच दिसते. आकारानेही भागत नाही. लॅकेसिस सहसा मोठा, पण पंखांचा विस्तार दोघांचाही १० ते १२ सेंमी असू शकतो.

पाहायच्या जागा दोन. पहिली मागचा पंख: स्टिक्सचा पिवळा, त्यावर दोन काळे आडवे पट्टे, बुडाशी (अंगाला जोडलेल्या टोकाला) पिवळाच. लॅकेसिसच्या मागच्या पंखाच्या बुडाशी मोठा काळा डाग असतो. दुसरी पोटाची खालची बाजू: लॅकेसिसच्या प्रत्येक वलयावर गडद आडवा पट्टा, स्टिक्सला बहुधा नसतो.

धागाकर्ता
मागचा पंख पूर्ण झाकलेला आहे. काडीने पुढचा पंख वर उचलू का?

प्रतिसाद २
नको. काडीने किंवा चिमटीने धरलं की खवले निघतात, पंखाची कडही फाटते. त्यापेक्षा रंगकामाचा मऊ ब्रश पोटाच्या टोकाला हलकेच टेकवा. चिडला की तो पंख उचलून मागचे पिवळे पंख दाखवतो. हा त्याचा शत्रूला घाबरवायचा पवित्रा. कॅमेरा आधीच रोखून ठेवा, कारण दोन-तीन वेळा डिवचल्यावर तो अंग थरथरवून स्नायू तापवतो आणि उडून जातो.

पोटासाठी पारदर्शक प्लास्टिकचा डबा त्याच्यावर पालथा घाला, खालून पुठ्ठा सरकवा. तो डब्याच्या भिंतीवर चढला की बाहेरून पोटाचा फोटो मिळतो. तो सुस्त व्हावा म्हणून फ्रिजमध्ये ठेवायचा सल्ला कुणी दिला तर या कामाला त्याची गरज नाही.

प्रतिसाद ३
दोन गोष्टी राहिल्या. मापासाठी शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवा, व्यास २७ मिमी. ट्यूबलाइटखाली पिवळा रंग हिरवट येतो आणि समोरून फ्लॅश मारला की खवले चकाकून काळा भागही फिकट दिसतो. म्हणून फोटो सकाळी सावलीत, पांढऱ्या कागदावर.

धागाकर्ता
काढले. मागच्या पंखाच्या बुडाशी पिवळाच रंग, पुढे दोन काळे पट्टे, आतला अरुंद. पोट खालून पिवळं, आडवे पट्टे नाहीत. नाण्याच्या मापाने एक पुढचा पंख साधारण ४५ मिमी.

प्रतिसाद १
मग स्टिक्सच. दोन्ही खुणा एकाच बाजूला बोलतायत. आता नोंद टाकताना तारीख, ठिकाण आणि पोटाचा फोटो तिन्ही जोडा. नुसता पाठीचा फोटो टाकला तर बघणारा जातीपर्यंत पोहोचू शकत नाही.

आसपास तीळ किंवा वांगी लावलेली असतील तर पानांखाली पाहून ठेवा. शेपटाकडे शिंग असलेल्या जाड अळ्या दिसल्या तर त्या याच्याच असण्याची शक्यता आहे. अंधार पडल्यावर त्याला दिव्यापासून लांब, झाडाच्या खोडावर सोडा. जिन्यात परत सोडलात तर पुन्हा ट्यूबलाइटवरच जाईल.