पहिली नोकरी: दारात गाडी आणू देणाऱ्या मालकाकडे की यार्ड असलेल्या कंपनीत?

चौदाटायर:
नव्या ड्रायव्हरांसाठी काल येथे एक सल्ला आला. पहिली नोकरी गावाकडच्या दोन-तीन गाड्यांच्या मालकाकडेच धरावी, कारण कंपनीत माणूस नुसता नंबर असतो आणि गावच्या मालकाकडे गाडी घेऊन थेट दारात येता येते, असे त्यात म्हटले होते. त्यावर भराभर संमती आलेली पाहून मला राहवले नाही.

गाडी दारात आली म्हणजे सुट्टी मिळाली, हा समजच मुळात चुकीचा आहे. वयाची वीस वर्षे पूर्ण करून, हलक्या वाहनाच्या परवान्यावर वर्ष काढून ज्याने नुकताच जड वाहनाचा परवाना घेतला आहे, अशा मुलाच्या ताब्यात माल भरलेली गाडी असते. उंच कंटेनर गावातल्या विजेच्या तारांखालून जात नाही, म्हणून ती फाट्यावर उभी राहते. मग डिझेलच्या टाकीचे कुलूप, बॅटऱ्या, स्टेपनी आणि ताडपत्री या सगळ्यांची राखण त्यालाच करावी लागते. घरी जेवायला जायचे आणि झोपायला केबिनमध्ये परत यायचे, याला मी घरी राहणे म्हणत नाही. शिवाय ई-वे बिलाची, म्हणजे मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या वाहतूक परवान्याची, मुदत दर दोनशे किलोमीटरला एक दिवस अशी मोजली जाते. भिवंडीहून कोल्हापूरचा माल घेऊन मध्ये दोन दिवस गावी थांबलात, तर मुदत संपलेल्या कागदावर पुढचा प्रवास करावा लागेल आणि तपासणीत गाडी अडकली, तर आधी ड्रायव्हरलाच उत्तर द्यावे लागेल.

चांगल्या कंपनीच्या यार्डात किलोमीटर, डिझेल आणि टायरांची नोंद होते, चावी जमा होते आणि माणूस मोकळ्या हाताने एसटीत बसतो. म्हणून नोकरी धरण्यापूर्वी पगाराआधी एवढेच विचारावे, की मी घरी असताना गाडी कोठे उभी राहील आणि तिची जबाबदारी कोणावर असेल.

वाठारकर गाडीमालक:
आपण मांडलेले चित्र एकतर्फी आहे. ज्या कंपन्यांची आपण शिफारस करता, त्यांतल्या कितीतरी जणी अनुभव नसलेल्या मुलाला दारातही उभे करत नाहीत. त्याला अनुभव देतो कोण? खंबाटकी घाटाच्या उतारावर भरलेली गाडी कोणत्या गिअरमध्ये ठेवायची, ब्रेक तापू न देता ती खाली कशी आणायची, हे मी स्वतः शेजारी बसून शिकवले आहे. पूर्वी मुले क्लीनर म्हणून चढत आणि पाहून-पाहून शिकत. आता बहुतेक गाड्यांवर क्लीनरच उरलेला नाही, त्यामुळे ही जबाबदारी आमच्यासारख्यांवरच येऊन पडली आहे. मुलगा तयार झाला, की कोणतीही पूर्वसूचना न देता दुसरीकडे निघून जातो, त्याबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही.

ई-वे बिलाचा बागुलबुवा तर दाखवूच नये. न्हावाशेवाहून बेंगळुरूच्या मालाला सुमारे पाच दिवसांची मुदत मिळते आणि गाडी त्याहून पुष्कळ आधी पोहोचते. कराडजवळ घर असलेल्या ड्रायव्हरने वाटेत एक रात्र काढली, तर कोणाचे काय बिघडते?

कळंबोली-कराड:
बिघडते ते आमचे, मालक. मी अशाच एका मालकाकडे पहिली नोकरी केली. त्यांच्या सांगण्यावरून गावाजवळच्या पेट्रोल पंपावर गाडी लावली होती. पहाटे जाऊन पाहतो, तर बॅटरीच्या पेटीची पट्टी कापलेली आणि दोन्ही बॅटऱ्या गायब. पंपावरच्या माणसाने हात वर केले आणि बॅटऱ्यांची किंमत माझ्या पगारातून हप्त्याहप्त्याने कापली गेली. गाडी तेथे लावायला मालकांनी सांगितले होते, याचा एकही कागद माझ्याकडे नव्हता.

कायद्याची गोष्टही निघालीच आहे म्हणून सांगतो. १९६१ च्या मोटर वाहतूक कामगार कायद्याने दिवसाचे आठ तास, आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास आणि साप्ताहिक सुट्टी ठरवून दिली होती. पण तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यालाच लागू होता. दोन गाड्यांच्या मालकाकडचा ड्रायव्हर त्याच्या कक्षेत आलाच नाही. पुढे २०२० च्या श्रमसंहितेने त्याची जागा घेतली, तरी आमच्या फाट्यावरची रात्र तशीच राहिली.

वाठारकर गाडीमालक:
प्रत्येक चोरीचे खापर मालकावर फोडणे मला मान्य नाही. गाडी फाट्यावर उभी असताना टाकीतले डिझेल कमी झाले, की चोर आला होता असे सांगितले जाते आणि पोलीस ठाण्याच्या पायऱ्या मी झिजवतो. बँकेचा हप्ता, विमा, टायर हे सगळे माझ्या डोक्यावर असते. विश्वासाने गाडी हातात दिली, तर विश्वासाने सांभाळायला नको का?

कळंबोली-कराड:
आपण मला चोर म्हणत आहात काय? तसे असेल तर स्पष्ट लिहा. ज्या माणसाने तुमचा माल पावसात ताडपत्री बांधून कोरडा पोहोचवला, त्याच्यावर कमी झालेल्या डिझेलवरून संशय घेणे हा त्या माणसाचा अपमान आहे.

वाठारकर गाडीमालक:
मी आपल्याला उद्देशून लिहिले नव्हते. तसे वाटले असल्यास तो शब्द मागे घेतो, पण माझा अनुभव मागे घेणार नाही.

फाट्यावरचे घर:
माझे यजमान ड्रायव्हर आहेत. या चर्चेत घरच्या माणसांना कोणी विचारलेले नाही, म्हणून लिहिते. गाडी फाट्यावर असली, की ते जेवतानाही दर थोड्या वेळाने उठतात. ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या त्याच रस्त्याने जातात आणि कोणाला वळण मिळाले नाही, की अर्ध्या रात्री गाडी काढा म्हणून फोन येतो. मुलगी सकाळी उठते, तेव्हा वडील घरात नसतात, केबिनमध्ये झोपलेले असतात. कंपनीतली माणसे उशिरा घरी येतात हे खरे, पण आली की घरीच असतात. दोन्हीकडची स्थिती जवळून पाहून मी हे म्हणते आहे.

रिलेवाला:
यावर उपाय निघाला होता. रिव्हिगो या मालवाहतूक कंपनीने रिलेची पद्धत आणली होती. एक ड्रायव्हर काही तास गाडी चालवून ठरलेल्या ठिकाणी ती पुढच्याच्या ताब्यात देई आणि दुसरी गाडी घेऊन घराकडे परते. २०२२ मध्ये त्यांचा एक्स्प्रेस व्यवसाय महिंद्रा लॉजिस्टिक्सकडे गेला. रिले जमण्यासाठी मुळात दोन्ही बाजूंना भरपूर माल आणि भरपूर गाड्या लागतात, लहान मालकाला ते परवडणारे नाही.

चौदाटायर:
वाठारकर, घाटातले शिक्षण लहान मालकाकडे अधिक चांगले मिळते, हे मी मान्य करतो. लांबच्या खेपेत ई-वे बिलाला सवड असते, हेही तुमचे म्हणणे खरे आहे. पण जवळच्या खेपेत ती नसते आणि नव्या मुलाच्या वाट्याला बहुधा जवळच्याच खेपा येतात. ताईंनी लिहिलेल्या रात्रीचे उत्तर मात्र तुम्ही अजून दिलेले नाही. गाडी कोठे लावायची हे तुम्ही ठरवता, तर तेथल्या चोरीचा भुर्दंड ड्रायव्हरच्या पगारातून का कापावा?

वाठारकर गाडीमालक:
ठीक आहे. थांबण्याची जागा मी सांगितली असेल, तर तेथील नुकसान मी सोसेन आणि तसे लिहूनही देईन. ड्रायव्हरने आपल्या मर्जीने गाडी दुसरीकडे लावली, तर मी जबाबदार राहणार नाही.

कळंबोली-कराड:
मग तो कागद नोकरीच्या पहिल्या दिवशीच द्या, आणि त्यात राखणदाराचा रात्रीचा खर्च कोण देणार, तेही लिहा.

वाठारकर गाडीमालक:
राखणदाराचा खर्च मी देणार नाही. भाड्यात तेवढे उरत नाही.